दार्फूरची अरब शिबंदी : बदलत्या निष्ठांचा एक इतिहास

पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तेथील घुमट असलेल्या मुख्य इमारतीला ‘सुदान ब्लॉक’ म्हणतात. सहलीला गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी ती दुरून पाहिली असेल, पण तिला हे नाव कसे पडले याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी आणि पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत अनेक हिंदी सैनिक कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ सुदान सरकारने १९४१ साली एक लाख पौंडांची देणगी दिली. फाळणीनंतर त्यांतील सत्तर हजार पौंड भारताच्या वाट्याला आले आणि ते या इमारतीच्या कामी लागले. पुढे १९५३ साली सुदानात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा तिची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन होते. असा हा आपल्याला अगदीच परका नसलेला देश १ जानेवारी १९५६ रोजी स्वतंत्र झाला.

त्याच देशात १५ एप्रिल २०२३ रोजी राजधानी खार्तूमच्या रस्त्यांवर रणगाडे आले. सरकारी लष्कर आणि ‘जलद मदत दल’ नावाचे निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. भारत सरकारने ‘ऑपरेशन कावेरी’ हाती घेऊन ३,८६२ माणसांना मायदेशी आणले. त्यांत महाराष्ट्रातील लोकही होते. आपल्याकडची माणसे सुखरूप परतली आणि वृत्तपत्रांतून सुदान मागे पडला. तेथे मात्र एक कोटी वीस लाखांहून अधिक माणसे घरादाराला मुकली.

या युद्धाच्या बातम्यांत एक शब्द वारंवार येतो : ‘अरब टोळ्या’. अरब टोळ्यांनी गावे जाळली, अरब टोळ्यांनी बाजू बदलली, असे आपण वाचतो. आपल्या घरांत ‘अरब’ म्हटले की मक्का-मदिना डोळ्यांसमोर येते, फार तर आखातात नोकरीला गेलेला भाऊ आठवतो. मग हे अरब कोण? मारणारा मुसलमान आणि मरणाराही मुसलमान, असे हे युद्ध कोणत्या कारणाने पेटले? आणि काल एका बाजूने लढणारे आज दुसऱ्या बाजूला कसे दिसतात? या प्रश्नांची उत्तरे सुदानच्या पश्चिमेकडील दार्फूर प्रांताच्या इतिहासात सापडतात. तो इतिहास थोडक्यात सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

दार्फूर आणि तेथील माणसे

‘दार्फूर’ म्हणजे फूर लोकांचा मुलूख. ‘दारुल उलूम’ या शब्दातील ‘दार’ तोच. हा प्रांत आपल्या महाराष्ट्राच्या साधारण दीडपट आहे. मध्यभागी जबल मर्रा हा तीन हजार मीटरहून उंच डोंगर, उत्तरेस वाळवंट आणि दक्षिणेस गवताळ प्रदेश, अशी त्याची ठेवण आहे. सतराव्या शतकापासून येथे फूर सुलतानांचे राज्य होते. मधली काही वर्षे सोडली तर ते १९१६ पर्यंत टिकले. शेवटचे सुलतान अली दिनार हरमैनकडे नजराणे पाठवीत असत. १९१६ साली इंग्रजी फौजांशी झालेल्या लढाईनंतर ते मारले गेले आणि दार्फूर सुदानला जोडला गेला.

येथे फूर, मसालीत, झगावा असे अनेक समाज राहतात आणि त्यांच्या स्वतःच्या भाषा आहेत. त्यांच्याबरोबर अरबी बोलणारे कबिलेही राहतात. ते चौदाव्या शतकापासून पुढे टप्प्याटप्प्याने या भागात आले, स्थानिकांशी त्यांचे विवाहसंबंध झाले आणि रंगरूपाने ते शेजाऱ्यांसारखेच झाले. परक्या माणसाला दोघांत फरक करता येणे कठीण. धर्म तर सर्वांचा एकच. कुराण मुखोद्गत असणाऱ्या हाफिजांसाठी दार्फूरची ख्याती आहे, आणि ते सगळ्याच समाजांत आढळतात.

फरक होता तो मुख्यतः उपजीविकेचा. फूर व मसालीत हे बहुधा शेतकरी. दक्षिणेकडील अरब गुरे पाळतात, त्यांना ‘बक्कारा’ म्हणतात. उत्तरेकडील अरब उंट पाळतात, ते ‘अब्बाला’. हा भेदही पूर्वी पक्का नव्हता. एखाद्या फूर शेतकऱ्याने गुरे जमवली आणि तो त्यांच्यामागे फिरू लागला, तर कालांतराने त्याची मुले बक्कारांत गणली जात. तेव्हा ‘अरब’ आणि ‘आफ्रिकी’ अशा दोन शत्रुजाती अनादि काळापासून लढत आल्या आहेत, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

चारा, पाणी आणि समेट

शेतकरी आणि पशुपालक यांचे नाते आपल्याला नवीन नाही. आपल्याकडे धनगर मेंढ्या घेऊन उतरतात, शेतकरी त्या आपल्या रानात बसवून घेतो, शेताला खत मिळते आणि मेंढ्यांना चारा मिळतो. दार्फूरातही असेच चाले. बाजरी हे तेथील मुख्य धान्य. तिची कापणी झाली की अरबांचे कळप धसकटांवर चरत आणि शेणखत देऊन पुढे जात. त्यांच्या येण्याजाण्याचे मार्ग ठरलेले असत. कधी पीक तुडवले गेले, कधी विहिरीवर हाणामारी झाली, कधी खूनही पडला. अशा वेळी दोन्ही बाजूंचे जाणते बसत. या पंचायतीला ‘जुदिया’ म्हणत. ती खूनभरपाई, म्हणजे दिया, ठरवी, ती कबिल्यातील सर्वजण वर्गणीने भरीत आणि भांडण मिटे.

या व्यवस्थेत एक उणीव मात्र होती. सुलतानांच्या काळापासून मोठ्या समाजांना आपापला ‘दार’, म्हणजे हक्काचा मुलूख, मिळालेला होता. दक्षिणेतील रिझैगात या बक्कारा कबिल्याला असा विस्तीर्ण दार होता. परंतु त्याच रिझैगातांच्या उत्तरेकडील उंटपाळ शाखांना, महामीद, महरिया वगैरेंना, स्वतःचा दार नव्हता. ते इतरांच्या मुलखातून जात आणि इतरांच्या संमतीने चरत. पाऊस नीट पडत होता आणि शेजारधर्म पाळला जात होता, तोवर हे खपून गेले.

पुढे दोन आघात झाले. १९७० नंतर राष्ट्राध्यक्ष निमेरी यांच्या सरकारने परंपरागत कबिला-प्रमुखांचे अधिकार काढून घेतले आणि नोंद नसलेली सर्व जमीन सरकारी ठरवली. जुनी पंचायत दुबळी झाली, तिच्या जागी नवे न्यायालय वा पोलीस ठाणे मात्र पुरेसे आले नाही. दुसरा आघात निसर्गाचा. १९८३ ते १९८५ या काळात भयंकर दुष्काळ पडला. उत्तरेकडचे उंट मेले, माणसे दक्षिणेकडे सरकली. शेतकऱ्यांनी आपला उरलासुरला चारा राखण्यासाठी शेतांना कुंपणे घातली, काहींनी गवत जाळून टाकले. शतकानुशतकांचे मार्ग बंद झाले. उंटवाल्याला वाटले, मला जगू देत नाहीत. शेतकऱ्याला वाटले, हे माझे शेत खायला आले. दोघांचेही म्हणणे भुकेतून आलेले होते.

बंदूक कोठून आली?

भूक ही भांडणाला पुरेशी असते, परंतु युद्धाला बंदुका लागतात. त्या बाहेरून आल्या. शेजारच्या चाडमधील यादवीत लिबियाचे कर्नल गद्दाफी हात घालीत होते. त्यांनी साहेल प्रदेशातील तरुणांना भरती करून लष्करी शिक्षण दिले आणि अरब श्रेष्ठत्वाची भाषाही शिकवली. चाडमधील लढाईत हरलेले हत्यारबंद लोक दार्फूरात आश्रयाला आले. १९८७ ते १९८९ या काळात फूर आणि अरब कबिल्यांत प्रथमच प्रांतभर पसरलेले युद्ध झाले. १९८९ साली समेट झाला, पण त्याची अंमलबजावणी कोणी केली नाही.

याच सुमारास खार्तूमच्या सरकारलाही बंदुकीचा सोपा उपयोग सापडला. दक्षिण सुदानात बंड चालू होते. मोठे सैन्य पोसणे खर्चाचे. म्हणून १९८० च्या दशकात सरकारने सीमेवरील बक्कारा अरबांना शस्त्रे देऊन दक्षिणेकडील दिंका लोकांवर सोडले. पगार नव्हता, लुटीत मिळेल ते त्यांचे. आपल्या इतिहासात शिंदे-होळकरांच्या छावणीमागे पेंढारी असत, तसाच हा प्रकार. १९८७ च्या मार्चमध्ये दक्षिण दार्फूरातील अद दुऐन या गावी शेकडो निराधार दिंकांची हत्या झाली. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. या हत्याकांडाची चौकशी करून ती पुस्तिकेच्या रूपाने लोकांपुढे ठेवणारे होते खार्तूम विद्यापीठाचे दोन अध्यापक, उशारी महमूद आणि सुलैमान बल्दो. दोघेही दिंका नव्हते. शिक्षकाने कोणाची बाजू घ्यावी, याचे उत्तर त्यांनी आपल्या कृतीने दिले. उशारी यांना त्यापायी तुरुंगवासही भोगावा लागला.

२००३ : शिबंदीची भरती

१९८९ साली उमर अल-बशीर लष्करी क्रांती करून सत्तेवर आले. दार्फूरला शाळा, रस्ते, दवाखाने मिळत नाहीत आणि सरकार आपल्याला विचारीत नाही, अशी तेथील बिगर-अरब समाजांची तक्रार वाढत गेली. २००३ च्या आरंभी दोन बंडखोर संघटना उभ्या राहिल्या. २५ एप्रिल २००३ रोजी पहाटे त्यांनी अल फाशिरच्या विमानतळावर छापा घातला, उभी विमाने जाळली आणि विमानदळाच्या एका जनरलला पकडून नेले. सरकार हादरले.

लष्कर पाठवावे तर लष्करातले कितीतरी जवान दार्फूरचेच. ते आपल्याच गावांवर गोळ्या झाडतील याचा भरवसा नव्हता. तेव्हा जुनी युक्ती पुन्हा काढली गेली. महामीद शाखेचा प्रमुख मूसा हिलाल अटकेत होता. त्याला सोडण्यात आले. त्याच्या आणि इतरांच्या हाताखाली शिबंदी उभी राहिली. तिला लोक ‘जंजावीद’ म्हणू लागले. घोडा वा उंट, बंदूक, गणवेश, काही पगार आणि शिवाय लूट, असा करार होता. आकाशातून सरकारी विमाने बॉम्ब टाकीत आणि मागोमाग घोडेस्वार गावात शिरत. विहिरी नासल्या, फळझाडे तोडली, मशिदीही जळाल्या. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००८ च्या अंदाजाप्रमाणे मृतांची संख्या तीन लाखांच्या घरात होती. त्यांत गोळीने मेलेल्यांपेक्षा भूक व रोगराईने मेलेले अधिक होते. पंचवीस लाखांवर माणसे छावण्यांत गेली.

भरतीला गेले कोण, हे नीट पाहिले पाहिजे. मुख्यतः गेले ते उत्तरेकडचे, दार नसलेले, उंट मेलेले, शाळेचे तोंड न पाहिलेले तरुण. काही चाडमधून आलेले होते, काही सरळ दरोडेखोर होते. सरकारने त्यांना जमीन देण्याचे आमिष दाखवले, आणि ती जमीन शेजाऱ्याची होती. याने त्यांचा गुन्हा कमी होत नाही. जंजावीदांचा एक म्होरक्या अली कुशैब याला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सत्तावीस आरोपांखाली दोषी ठरवले आणि डिसेंबरमध्ये वीस वर्षांची शिक्षा सुनावली. गुन्हा करणाऱ्याचे नाव घेऊन, पुरावा तपासून, त्यालाच शिक्षा देणे, हा न्याय. सबंध कबिल्याला गुन्हेगार म्हणणे हा न्याय नव्हे.

जे गेले नाहीत

दार्फूरातील सर्वच अरब जंजावीद झाले नाहीत, आणि ही गोष्ट बातम्यांतून हरवली. प्रांतातील सर्वांत बलाढ्य अरब कबिला म्हणजे दक्षिणेकडील रिझैगात. त्यांचे वंशपरंपरागत प्रमुख, नाझिर सईद मादिबो, यांनी २००३ साली आपला कबिला सरकारच्या मोहिमेत उतरवण्यास नकार दिला. त्यांचा कबिला काही दुबळा नव्हता, आणि सरकारशी उघड वैर घेण्याचीही त्यांची इच्छा नव्हती. परंतु त्यांना स्वतःचा दार होता, शेजाऱ्यांशी पिढ्यांचे करार होते आणि उद्याही त्याच शेजाऱ्यांत राहायचे आहे हे ते जाणून होते. इतरही काही अरब कबिले बाजूला राहिले.

या दोन वर्तनांतील फरक रक्ताचा म्हणता येणार नाही. उत्तरेचे रिझैगात आणि दक्षिणेचे रिझैगात एकाच मूळ पुरुषाचे नाव सांगतात. एकाला गमावण्यासारखे काही होते, दुसऱ्याजवळ काही उरले नव्हते. ज्याचे शेजाऱ्याशी नाते शाबूत असते त्याला शेजाऱ्यावर सोडणे अवघड जाते, एवढाच त्याचा अर्थ.

निष्ठेचा बाजार

सरकारला वाटले होते की शिबंदी स्वस्त पडेल. झाले उलटेच. २००६ साली सरकारने बंडखोरांपैकी मिन्नी मिन्नावी यांच्या गटाशी तह केला. कालचा शत्रू राष्ट्राध्यक्षांचा सहायक झाला. हे पाहून अरब टोळीवाल्यांच्या मनात आले की, आपला उपयोग संपला, आता आपल्याला वाऱ्यावर सोडणार. त्यांतील काहींनी बंडखोरांशीच गुप्त करार केले. मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हमीदती हा महरिया शाखेतला उंटांचा व्यापारी. शाळा त्याने प्राथमिक वर्गांतच सोडली, असे सांगतात. पुढे तो टोळीनायक झाला. २००७ साली त्याने सरकारविरुद्ध बंड पुकारले. काही महिन्यांत पैसा, हुद्दे आणि आपल्या माणसांची भरती पदरात पाडून तो परत सरकारकडे आला. बंड करावे, भाव वाढवावा आणि परत यावे, हा धडा त्या काळात पुष्कळांनी गिरवला.

अरब म्हणून सगळे एक, हा समजही लवकरच खोटा ठरला. उत्तर दार्फूरात जबल आमिर येथे २०१२ साली सोने सापडले. ती जमीन बनी हुसैन या अरब कबिल्याच्या दारमधली. जानेवारी २०१३ मध्ये रिझैगातांच्या हत्यारबंद टोळ्या त्यांच्यावर चालून गेल्या. शेकडो माणसे मारली गेली आणि लाखभर लोक परागंदा झाले. मारणारेही अरब आणि मरणारेही अरब. त्याच सुमारास दक्षिणेत रिझैगात आणि माआलिया यांच्यात लढाया झाल्या. तेही दोघे अरबच.

मूसा हिलालला २००८ साली सरकारने खार्तूममध्ये सल्लागाराचे पद दिले होते. काही वर्षांनी तो रुसून आपल्या मुलखात परतला आणि २०१४ साली स्वतःची वेगळी परिषद काढून सरकारला आव्हान देऊ लागला. सोन्याच्या खाणी त्याच्या ताब्यात होत्या. तेव्हा सरकारने हमीदतीला पुढे केले. २०१३ सालीच त्याच्या माणसांतून ‘जलद मदत दल’ उभे केले होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये या दलाने मूसा हिलालला त्याच्याच गावातून पकडून नेले. एका अरब शिबंदीचा बंदोबस्त दुसऱ्या अरब शिबंदीने केला. खाणी आता हमीदतीकडे आल्या. येमेनच्या युद्धात सैनिक पाठवून पैसाही मिळू लागला. ज्याला सरकार पगार देत होते, तो आता सरकारहून श्रीमंत होऊ लागला.

एप्रिल २०१९ मध्ये भाकरीच्या महागाईपासून सुरू झालेल्या जनआंदोलनाने बशीर यांची तीस वर्षांची राजवट संपवली. हमीदतीला बशीर यांनीच वाढवले होते, पण शेवटच्या क्षणी त्याने त्यांना वाचवले नाही. ३ जून २०१९ रोजी खार्तूममध्ये धरणे धरून बसलेल्या तरुणांवर गोळीबार झाला. शंभराहून अधिक माणसे गेली, आणि त्याचा ठपका प्रामुख्याने याच दलावर आला. ऑक्टोबर २०२१ मध्ये लष्करप्रमुख बुऱ्हाण आणि हमीदती यांनी मिळून नागरी सरकार उलथवले. मग सत्तेच्या वाटणीवरून आणि हे दल लष्करात कधी विलीन व्हावे यावरून दोघांचे बिनसले. १५ एप्रिल २०२३ चा दिवस असा उगवला. सरकारने शेजाऱ्यांवर सोडलेली शिबंदी वीस वर्षांनी राजधानीत येऊन सरकारच्याच दारावर धडकली.

२०२३ नंतरचे फासे

युद्धाने निष्ठांची सारी गणिते पुन्हा मांडली. २००३ साली सरकारी मोहिमेपासून दूर राहिलेल्या मादिबो घराण्यातील नव्या नाझिरांनी जुलै २०२३ मध्ये दक्षिण दार्फूरच्या इतर काही अरब प्रमुखांबरोबर हमीदतीच्या दलाला जाहीर पाठिंबा दिला. वीस वर्षांत त्यांच्या तरुणांपैकी कितीतरी त्या दलात पगारावर गेले होते. दुसरीकडे, मूळ जंजावीदांचा म्होरक्या मूसा हिलाल याने एप्रिल २०२४ मध्ये लष्कराची बाजू घेतली. आणि २००३ साली अल फाशिरवर छापा घालणारे बंडखोर त्याच अल फाशिरच्या संरक्षणासाठी लष्कराच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

मध्य सुदानातील अबू आक्ला कैकल याची कथा तर अधिकच बोलकी आहे. त्याने ऑगस्ट २०२३ मध्ये आपली टोळी घेऊन हमीदतीची बाजू धरली. डिसेंबरमध्ये जझीरा प्रांताची राजधानी वद मदनी पडली आणि तो त्या प्रांताचा अधिपती झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो लष्कराला जाऊन मिळाला. सूड म्हणून हमीदतीच्या माणसांनी पूर्व जझीरातील गावांवर हल्ले केले. अस-सुरैहा या एकाच गावात शंभराहून अधिक माणसे मारली गेली. जानेवारी २०२५ मध्ये कैकल लष्कराबरोबर वद मदनीत परतला, तेव्हा त्याच्या माणसांवर गरीब शेतमजुरांच्या वस्त्यांत हत्या केल्याचा आरोप झाला. नायकाने बाजू बदलली की त्याला पद मिळते. त्याची किंमत गाव मोजते.

दार्फूरात मसालीतांचे शहर अल जुनैना २०२३ च्या उन्हाळ्यात उद्ध्वस्त झाले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी तेथील मृतांचा अंदाज दहा ते पंधरा हजार असा दिला. अल फाशिरला दीड वर्ष वेढा होता. लोकांनी जनावरांची पेंड खाऊन दिवस काढले. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी ते शहर पडले. तेथील प्रसूती रुग्णालयात ४६० हून अधिक रुग्ण व नातेवाईक मारले गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले. अली दिनार यांच्या राजधानीची ही दशा झाली.

या इतिहासातून काय घ्यावे?

निष्ठा बदलणे हा अरबांचा स्वभाव आहे, असा निष्कर्ष या हकिकतीतून कोणी काढील तर तो चुकेल. निष्ठा खार्तूमच्या सरकारनेही बदलल्या, बिगर-अरब बंडखोरांनीही बदलल्या. ज्या राज्यात माणसाला नागरिक म्हणून काही मिळत नाही आणि बंदूकधारी म्हणून सर्व काही मिळते, तेथे निष्ठेला बाजारभाव येतो. विकत घेतलेली निष्ठा अधिक किंमत आली की विकली जाते. सरकारने उत्तरेच्या उंटवाल्यांना चराईचे मार्ग, पाण्याची सोय आणि फिरत्या शाळा दिल्या असत्या, तर त्यांचा खर्च एका वर्षाच्या युद्धाहून कमी आला असता.

दुसरी गोष्ट नावाची. ‘अरब’ या एका नावाखाली मारेकरी होता, मारेकऱ्याला नकार देणारा नाझिर होता आणि मारला गेलेला बनी हुसैनही होता. बाहेरच्या जगाने तिघांना एकच शिक्का मारला. समाजातील काहींच्या कृत्याचा डाग सर्वांवर कसा पडतो, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच इतरांविषयी वाचताना तीच चूक आपल्या हातून होऊ नये. ‘ते लोक असेच’ हे वाक्य तोंडी आले की थांबावे आणि विचारावे : कोण? कधी? कोणाच्या पैशाने?

युद्धामुळे सुदानात दीड कोटीहून अधिक मुले शाळेबाहेर गेली. शाळांच्या इमारतींत निर्वासित राहिले. शाळेबाहेरचा, रिकाम्या हातांचा मुलगा हाच पुढच्या शिबंदीचा शिपाई असतो, हे दार्फूरच्या चाळीस वर्षांनी दाखवून दिले आहे.

तरीही त्या देशात सारे विझलेले नाही. २०१९ च्या आंदोलनातील तरुणांनी युद्ध सुरू होताच मोहल्ल्यामोहल्ल्यांत मदतीची केंद्रे उघडली. एका मोठ्या पातेल्यात डाळ वा पेज शिजते आणि रांगेत येईल त्याला मिळते, त्याचा कबिला कोणी विचारीत नाही. या स्वयंपाकघरांना तेथे ‘तकाया’ म्हणतात. ‘तकिया’ शब्दाचे हे अनेकवचन. आपल्या गावोगावी फकिराचा तकिया असतो, तोच हा शब्द. सूफी खानकाहींतल्या अन्नदानाची परंपरा या मुलांनी शहराच्या गल्लीत आणली. त्यांतील कित्येकांना दोन्ही बाजूंनी पकडले, काही मारलेही गेले, पण चुली पुन्हा पेटल्या.

बंदूक घेऊन बाजू बदलणाऱ्यांची नावे या लेखात बरीच आली. पातेले ढवळणाऱ्या त्या मुलामुलींची नावे इतिहासाच्या पुस्तकात येणार नाहीत. विद्यार्थ्यांनो, निष्ठा या शब्दाचा अर्थ शोधायचा असेल तर तो त्यांच्याकडे पाहून शोधावा. शेजाऱ्याच्या ताटात अन्न आहे की नाही, हे पाहणारी निष्ठा अजून कोणाला विकत घेता आलेली नाही.